वीतभर जास्तीचा पलंग

सायकल आधी आली, मालकीण मागाहून.

दुपारची वेळ होती. उतारावरच्या गल्लीत, पत्र्याच्या शेडमध्ये सुतार एका फळीला रंधा मारत होता. वाऱ्याने पत्रे थडथडत होते, त्यामुळे त्याला बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. मान वर केली तर एक निळी सायकल, वर कुणीही बसलेलं नसताना, चांगली ऐटीत खाली येत होती. ती सरळ शेडमध्ये शिरली, भुशाच्या ढिगात घुसली आणि आडवी झाली. पाठोपाठ धापा टाकत एक मुलगी आली. एक चप्पल पायात, एक हातात.

"लागलं का?" तिने विचारलं.

"नाही, मला काही—"

"तुम्हाला नाही हो... सायकलला विचारतेय," ती म्हणाली आणि खाली बसून चाकाच्या तारा चाचपू लागली.

प्रेमात पडायला माणसाला असं लागतं तरी काय? सुताराला एवढं पुरलं. पण तो पडला पक्का सुतार. मोजून घेतल्याशिवाय स्वतःच्या मनाचंसुद्धा काही मान्य करायचा नाही. त्याने मुकाट्याने सायकल उभी केली, भुसा झटकला आणि ही एवढी लांबून एकटी कशी आली ते विचारलं.

झालं होतं असं, की वर चौकात तिची छोटी व्हॅन उभी होती आणि व्हॅनचं मागचं दार दोरीने बांधलेलं होतं. दोरीने ऐन चढावर मान टाकली आणि सायकल निसटली. सुताराने वर जाऊन आत डोकावलं. एक उघडी फळी, तिच्यावर गुंडाळलेलं अंथरूण, शेगडी, हेल्मेट, हातोडी, दोरखंड, चिखलाचे बूट. एरवी या सगळ्याच्या उरावर सायकल असायची, आणि झोपताना तिचं हँडल हिच्या बरगडीत. इथे राहतं कोण, असं त्याने विचारलं.

"आम्ही दोघी. हिला जागा जास्त लागते."

मुलगी पूल तपासायची. मोठे नव्हेत, ओढ्यानाल्यांवरचे लहानसहान पूल, ज्यांच्याकडे ते पडेपर्यंत कुणी बघत नाही. रस्ता असेल तिथवर व्हॅन, पुढे पायवाटेने सायकल. पुलाखाली उतरायचं, हातोडीने ठोकून बघायचं, भेगा टिपायच्या आणि पुढच्या पुलाकडे निघायचं. घरी तिला सगळे भिंगरी म्हणत. "हिच्या पायाला भिंगरी लागलीय, हिला कोण नवरा मिळणार," हे आईचं पालुपद होतं. मिळाला होता एक. मुलगा खरंच चांगला होता, लग्न ठरलंही होतं. मग एके दिवशी तो प्रेमानेच म्हणाला, की आता पुरे झालं हिंडणं, आता थांब. त्या एका शब्दाने तिच्या छातीत असं काही आवळून आलं की महिनाभरात लग्न मोडलं आणि ही जुनी व्हॅन दारात आली. तेव्हापासून तिला एक भीती होती, की आवडलेला माणूस कधीतरी 'थांब' म्हणेल. आणि फळीवर या कुशीवरून त्या कुशीवर होताना दुसरीही एक भीती वाटायची, की कुणी कधी काहीच म्हणणार नाही.

तर व्हॅनचं काम. तिला नीट पलंग हवा होता, स्वयंपाकाला ओटा हवा होता, धड बंद होणारं दार हवं होतं, आणि सायकल आतच हवी होती. बाहेर अडकवलेली आधीची सायकल चोरीला गेली होती. बरं, पुढचं चाक काढून ठेवू म्हणावं तर तेही नको. दर पुलाशी चाक बसवा, काढा, हात काळे करा, कोण करणार? नद्यांना पाणी चढायच्या आत तिला डोंगराकडचे पूल उरकायचे होते. सुताराने सगळं ऐकून घेतलं आणि "होईल" एवढंच म्हणाला.

"त्याचं 'होईल' म्हणजे झालंच समज," शिलाई मशीनमागून आवाज आला. ती सुताराची थोरली बहीण, ताई. त्याच शेडच्या कोपऱ्यात ती गाद्या आणि पडदे शिवायची, शेडमागच्या घरात वरच्या मजल्यावर राहायची, आणि तिचं तोंड मशीनच्या सुईबरोबर चालायचं. काटकोन तपासायच्या अवजाराला सुतार गुण्या म्हणतात, आणि हा माणूस तसाच सरळ, म्हणून घरात त्याचं नावच गुण्या पडलंय, हे तिने न विचारताच सांगून टाकलं. व्हॅन कामाला लागली की राहणार कुठे, म्हणत तिने भिंगरीची वळकटी आपल्या खोलीत नेऊनही ठेवली. ही बया एका नजरेत काय ते ओळखून बसली होती.

गुण्याची माप घ्यायची एक पद्धत होती. उंची विचारून तो पलंग करायचा नाही. लोक उभे राहतात एक आणि झोपतात भलतेच, असं त्याचं म्हणणं. तो गिऱ्हाइकाला शेडच्या फरशीवर आडवं करायचा आणि भोवतीने खडूने रेघ मारायचा. भिंगरी आडवी झाली खरी, पण रेघ खांद्यापाशी येते न येते तोच तिने कूस बदलली. मग हात डोक्याखाली घेतला. मग गुडघा वर केला.

"जरा स्वस्थ..."

"आहे की स्वस्थ."

"झोपेत तरी थांबता का हो तुम्ही कुठे?"

"बघितलंय कुणी?" ती म्हणाली. खडू त्याच्या हातात मोडला. ताईची मशीन उगाचच जोरात चालू लागली. उरलेली रेघ दुसऱ्या खडूने कशीबशी पुरी झाली.

खरं म्हणजे काम संपेपर्यंत तिने शेडमध्ये यायची काही गरज नव्हती. पण ती रोज यायची. कधी दिवा कुठे बसवायचा ते सांगायला, कधी हूक बदलायला, कधी आदल्या दिवशी सांगितलेलं फिरवायला. आली तरी एका जागी बसणं नाही. खिळे वेचून दे, भुसा झाडून काढ, सायकलवर गल्लीला एक फेरी मारून ये, परत ये. परत आली की आधी गुण्याकडे बघायची. तो बघत असला की तिला वाटायचं, हा बघतोय. बघत नसला की वाटायचं, का नाही बघत? दोन्हीकडून जीव टांगणीला.

तो मात्र कुठे म्हणून जात नसे. इतक्या लोकांच्या व्हॅन सजवल्या, पण एकीतही कधी रात्र काढली नव्हती. गाडीत मागे बसलं की त्याच्या पोटात ढवळायचं.

"म्हणजे तुम्ही कधी कुठे गेलाच नाहीत?" तिने एकदा विचारलं.

"गेलोय की. लाकूड आणायला."

"मग?"

"लाकूड घेऊन परत आलो."

ती हसता हसता ओट्याला टेकली. तिच्या भुवईवर भुसा होता. त्याने रुमाल पुढे केला, तर तिने नुसते डोळे मिटून चेहरा पुढे केला. पटाशी चालवावी तितक्या बेताने त्याने ती भुवई पुसली. भुसा निघाला. मग तिला एकदम आठवलं, की पुढच्या आठवड्यात आपण निघणार आहोत. ती उठली आणि कारण नसताना उतारावरून सायकल दामटत निघून गेली.

पलंग झाला, ओटा झाला, दार बसलं. सायकल चढवायचा दिवस आला. पलंगाच्या पायथ्याशी, दाराला लागून, सायकल तिरकी उभी राहणार होती. गुण्याने ती उचलून आत ठेवली आणि दार लोटलं. दार सायकलवर आपटून परत आलं. त्याने सायकल फिरवली, पुन्हा लोटलं. पुन्हा तेच. त्याने हँडलला दोष दिला, चाकाला दिला, व्हॅन बनवणाऱ्या कारखान्यालाही सोडलं नाही. आपलं माप चुकलं असेल हे त्याच्या स्वप्नातही आलं नाही. कारण ते कधी चुकत नसे.

तेवढ्यात ताई नवी गादी खांद्यावर टाकून आली. फरशीवरच्या खडूच्या रेघेवरून तिने ती बेतून शिवली होती. तिने गादी पलंगावर अंथरली. उशाकडे बरोबर बसली. पायथ्याशी मात्र वीतभर प्लायवूड उघडं राहिलं.

तिघंही त्या उघड्या वीतभर लाकडाकडे बघत राहिली. वाऱ्याने पत्रे वाजत होते.

"गादी आखूड झाली," गुण्या म्हणाला.

"गादी हिच्या मापाची आहे," ताई म्हणाली. "पलंग कुणाच्या मापाचा आहे? गुण्या, जरा आडवा हो बघू त्याच्यावर."

तो नको नको म्हणत होता, पण थोरल्या बहिणीपुढे कुणाचं चाललंय? तो आडवा झाला. डोकं उशाला, टाचा बरोबर पलंगाच्या कडेला. जणू अंगावर शिवलेला सदरा. फरशीवर मुलीचं माप रेखलेलं असताना या शहाण्याने पलंग स्वतःच्या उंचीचा केला होता. काम करता करता तो रोज फळीवर पाठ टेकून पुढचा विचार करायचा, आणि टाचा जिथे आल्या तिथे खूण करून बसला होता. त्याचं त्यालाच कळलं नव्हतं. आता कळलं. कानशिलं लालबुंद झाली. ताई "दूध उतू जाईल" म्हणून जी गेली ती गेलीच. दूध नव्हतंच घरात.

"मी... उद्या कापतो," तो उठून बसत म्हणाला. तिच्याकडे बघायची त्याची हिंमत नव्हती.

भिंगरीच्या छातीत धडधडत होतं. एवढी मोठी गोष्ट एका माणसाने न बोलता लाकडात सांगून टाकली होती. आता तो बोलला तर पुढचा शब्द कोणता येईल, ते तिला पुरतं ठाऊक होतं. तो शब्द यायच्या आत तिने तोंड उघडलं.

"कापा," ती म्हणाली आणि सायकल ओढून घेऊन बाहेर पडली.

संध्याकाळभर ती गावभर हिंडली. नदीपर्यंत गेली, पुलाखाली उतरली, हातोडी नव्हती तर दगडाने ठोकून बघितलं. पूल ठणठणीत होता. ठीक नव्हती ती. कापा म्हटलं आपण, आणि तो कापेलही. सरळ माणूस. मग सायकल मावेल, दार लागेल, आणि आपण एकट्या माणसाच्या पलंगावर झोपून पूल बघत फिरू, म्हातारं होईपर्यंत. तिला रडू आलं. ताईच्या खोलीत रात्र कशीबशी सरली, आणि उजाडता उजाडता तिने ठरवून टाकलं. पलंग कापायचा नाही. रोज चाक काढीन, हात काळे होतील तर होऊ देत.

ती धावतच खाली शेडमध्ये आली.

सायकल आत उभी होती, अख्खी. मागचं दार एका बोटाने लोटलं तरी लागत होतं. पलंग गादीला बरोबर झाला होता, कापलेली कड घासून गुळगुळीत केली होती. गुण्या ओट्यावरची धूळ पुसत होता. डोळे तारवटलेले, केस विस्कटलेले.

"कापलात?" तिचा आवाज चिरकला.

"तुम्हीच म्हणालात ना, कापा."

"मी म्हटलं म्हणून लगेच कापायचं?"

"गिऱ्हाइकाने सांगितल्यावर—"

"मी गिऱ्हाईक आहे?"

त्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. ती रागावली होती, डोळे भरून आले होते, आणि ते लपवायचंसुद्धा तिला सुचत नव्हतं. मी चाक काढायला तयार होते, तुम्हाला कधी कळणार नाही मी कशाला तयार होते, असं काहीबाही ती बोलत सुटली. मग एकदम थांबली आणि तिने सरळच विचारलं.

"तुम्ही मला 'थांब' म्हणणार आहात का?"

"नाही."

ज्या शब्दाला ती घाबरत होती तो आला नाही, तरी छातीत तसंच आवळून आलं. आता काय उरलं? "बरं," ती म्हणाली आणि खिळ्याला टांगलेली व्हॅनची किल्ली काढायला वळली. तो तिच्या आणि किल्लीच्या मध्ये येऊन उभा राहिला.

"थांबवलं तर तुम्ही राहणारच नाही, हे काय मला कळत नाही? खडूची रेघ पुरी होईपर्यंत थांबवेना तुम्हाला." त्याने वरच्या मजल्याकडे बोट केलं. "मी काल संध्याकाळीच ताईशी बोललोय. हातातली कामं उरकलीत. डोंगराकडचे पूल होईपर्यंत शेड ती बघेल, मग परत यायचं, काम करायचं, पुन्हा निघायचं. पुढच्या सीटवर बसलं की माझ्या पोटात फारसं ढवळत नाही. मला... मला नेशील सोबत?"

वारा पडला होता की तिलाच पत्रे ऐकू येत नव्हते, कोण जाणे. तिने व्हॅनकडे बघितलं, सायकलकडे बघितलं, आणि मग त्या नेमक्या तिच्याच मापाच्या पलंगाकडे.

"पण वेड्या, पलंग तर कापून बसलास," ती म्हणाली. रडू आणि हसू एकदमच येत होतं. "तू मावणार कसा?"

"पाय दुमडून," तो म्हणाला. "रात्री कापला आणि तिथेच झोपून बघितलं. जमतं."