एरिअल धरून उभा असलेला माणूस

रस्त्यावर झाड आडवं पडलं होतं आणि डोंगराच्या कडेला गाड्यांची रांग मुकाट उभी होती. पाऊस बारीक होता… भिजवतोय की नुसता चिडवतोय, कळू नये असा. रांगेतल्या एका जुन्या गाडीत ती रेडिओचं बटण पिळत बसली होती, आणि रेडिओ नुसता खरखरत होता.

मागच्या गाडीतला तरुण उतरून तिच्या खिडकीशी आला. झाड हलवायला वेळ लागेल, एवढंच सांगायला आला होता बिचारा. तिचा चेहरा पाहून त्यानं विचारलं, "कोणाचं काय ऐकायचंय?"

"बाबांचं," ती म्हणाली. मग अनोळखी माणसाला सांगू नये तेवढं भराभर सांगून बसली. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. आजारपणानंतर बोलता बोलता त्यांचा शब्द अडकू लागला आणि गिऱ्हाइकांपुढे शरम वाटून त्यांनी पुन्हा दुकानच उघडलं नाही. आज रेडिओवर त्यांची थेट मुलाखत होती. तिनं त्यांच्याकडून रोज तयारी करून घेतली होती, शेजारी बसून धीरही तीच देणार होती, आणि तिथं निघालेली ती इथेच अडकली होती. आज तोंड उघडलं नाही तर दुकान विकून टाकेन, असं बाबांनी सकाळी बजावलं होतं.

तो लोकांच्या कानाला श्रवणयंत्रं बसवायचा. खरखरीशी माझं रोजचंच भांडण आहे, म्हणाला. त्यानं तिला इंजिन बंद करायला लावलं, मोबाइलचा चार्जर काढायला लावला, वायपरही थांबवला; प्रत्येक जण आपापली खरखर त्यात मिसळतो म्हणे. खिडकीपुढचं एरिअल पूर्ण वर ओढलं. खरखर कमी झाली, आवाज मात्र येईना. एरिअल जरा तिरकं करावं म्हणून त्यानं ते मुठीत धरलं – आणि निवेदिका स्वच्छ बोलू लागली. सोडलं, खरखर. धरलं, निवेदिका.

"डोंगरामुळे सिग्नल फार क्षीण आहे," तो ओशाळून म्हणाला. "माझ्या अंगाची एरिअलला जोड मिळतेय. आता मला हलता यायचं नाही."

ती छत्री घेऊन धावली. छत्री जवळ येताच आवाज थरथरला.

"छत्री लांब न्या. आणि तुम्हीही…" तो अडखळला. "म्हणजे, तुम्ही थांबलात तरी चालेल."

ती आत जाऊन बसली. काच मात्र पूर्ण खाली. निवेदिकेनं बाबांना विचारलं, पहिलं घड्याळ कोणाचं दुरुस्त केलंत? बाबा म्हणाले, "ते… ते…" आणि पुढे काहीच नाही.

"गेला ना सिग्नल?" तिनं आशेनं विचारलं.

त्यानं नकारार्थी मान हलवली. "सिग्नल गेला असता तर खरखर आली असती. ही शांतता बाबांचीच आहे."

तिनं डोळे मिटले. शब्द अडला तर दुसरा शब्द घ्या, बाबा… कितीदा सांगितलं होतं! एरिअलवरची त्याची बोटं पांढरी पडली होती, जणू तोच बाबांना धरून होता.

"येतोय शब्द," रेडिओत बाबा म्हणाले. "थांबा जरा. माझ्या दुकानात घाई चालत नाही."

निवेदिका खळखळून हसली. बाबाही हसले. मग ते जे सुटले, ते निवेदिकेलाच आवरेनासे झाले. शेवटी म्हणाले, दुकान उद्यापासून उघडं आहे, बंद घड्याळं घेऊन या.

तिनं कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. जाहिराती लागल्या, तरी तो तसाच उभा. बाहीतून पाणी टपकत होतं.

"संपलं… सोडा आता."

"सोडलं की तुम्ही काच वर घ्याल."

तिला हसू आलं. "कसं ऐकलंस, म्हणून बाबा विचारतील. काय सांगू?"

"एका खुळ्यानं एरिअल धरलं होतं, म्हणून सांगा."

"मग ते म्हणतील, त्याला घरी घेऊन ये."

"खरंच म्हणतील?"

"नाही," ती खाली बघत म्हणाली, "ते कशाला म्हणतील… मीच म्हणतेय."

तेवढ्यात पुढची रांग हलली. मागून हॉर्न वाजू लागले, कारण सगळ्यांची वाट अडवून उभ्या होत्या त्या तिची गाडी आणि तिच्यामागची त्याची रिकामी गाडी. तो धावत सुटला… आणि अर्ध्या वाटेवरून धावतच परत आला, घर कुठे ते विचारायला.