बेल्मीरोचा चौकड्यांचा सदरा

ही घटना खरी आहे. मी शपथ घेणार नाही. समुद्राच्या गोष्टीवर आम्ही शपथ घेत नाही. पण त्या कबरीवर मी स्वतःच्या हातानं माती टाकली आहे, आणि तो आवाज मी स्वतःच्या कानांनी ऐकला आहे. अजून ऐकते.

गाव नाझारे. साल १९६२. सप्टेंबर महिना, मेरीमातेच्या जत्रेचा आठवडा.

आणि रात्र नव्हती...

भर दुपार होती. किनाऱ्यावर माणूस मावत नव्हता.

माझं नाव इदालीना. तेव्हा मी नुकती विशीत आले होते. वडील कॉड मासेमारीच्या जहाजावर, दूर उत्तरेला. घरात मी आणि माझी आई, आल्झीरा. तोंडाची फटकळ बाई. गाव तिला वचकून असायचं.

माझा भाऊ बेल्मीरो दोन हिवाळ्यांपूर्वी समुद्रात गेला होता. होडी किनाऱ्याला लागता लागता उलटली. बाकीचे सापडले.

तो नाही सापडला.

प्रेत नाही, म्हणून कबर नाही. चर्चची घंटा नाही. आणि आई काळे कपडे घालायला तयार नाही. बायका कुजबुजायच्या, तशी ती भर रस्त्यात म्हणायची, "काळं कुणाच्या नावानं घालू? मेलेला दाखवा, मग घालते!"

तो जिवंत असेल असं तिला वाटत नव्हतं. वेडी नव्हती ती. तिला फक्त त्याची कबर हवी होती. मेणबत्ती लावायला एक जागा. दुसरं काही ती देवाकडे मागत नव्हती.

उन्हाळ्यात आमच्याकडे सगळेच घर पाहुण्यांना देतात आणि आपण मागच्या स्वयंपाकघरात पथारी टाकतात. आम्हीही द्यायचो. फक्त बेल्मीरोची खोली बंद असायची. खुंटीवर त्याचा चौकड्यांचा लोकरी सदरा आणि काळी लांब टोपी तशीच टांगलेली.

आमच्यात एक रीत आहे. जो सापडला नाही, त्याचे कपडे घराबाहेर काढायचे नाहीत. धुवायलासुद्धा नाही. जुनी माणसं म्हणतात, समुद्र अंगावरच्या कपड्यावरून माणूस ओळखतो. अर्धवट राहिलेलं काम तो पुरं करतो: त्या कपड्यातल्या माणसाला नेतो, आणि प्रेत परत देतो. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

पाहुण्यांना कुठून ठाऊक असणार?

त्या आठवड्यात एक जोडपं दारात आलं. नवीनच लग्न झालेलं. लिओनेल आणि ओतीलिया. तो डोंगराकडच्या एका गावात शाळामास्तर होता. दोघांनी जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला होता. घर तर भरलेलं. मी नाही म्हणणार, तेवढ्यात तो पाठमोरा होऊन समुद्राकडे बघायला लागला.

आई त्याच्या पाठीकडे बघत राहिली...

बराच वेळ.

मग म्हणाली, "एक खोली आहे. या."

मी तिच्याकडे बघतच राहिले. ती माझी नजर चुकवून चादरी काढायला गेली.

मास्तर मोठा गमत्या माणूस. दुसऱ्या दिवशी मी अंगणात सार्डिन भाजत होते. तो खोलीतून ओरडला, "मावशी, खुंटीवरचे कपडे घालून फोटो काढला तर चालेल का? शाळेतल्या पोरांना सांगेन, बघा, तुमचा मास्तर कोळी झाला!"

"कोळी म्हणे!" ओतीलिया खिदळली. "काल घोट्याला पाणी लागलं तर टुणकन माझ्या मागे लपलास."

"अगं, ते पाणी किती थंड होतं!"

"मासे काय गरम पाण्यात राहतात?"

मी चिमटा टाकून आत धावले. 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. पण आईनं सदरा खुंटीवरून आधीच काढला होता. ती स्वतः त्याच्या गुंड्या लावत होती. टोपी त्याच्या डोक्यावर चढवली, शेंडा खांद्यावर नीट सोडला.

"घाल बाळा," ती म्हणाली. "तुला अगदी... बरोबर बसतो."

"आई, ते कपडे..."

"सार्डिन करपतायत. जा."

तिचा आवाज अगदी शांत होता. त्या शांतपणाचीच मला भीती वाटली.

मी सार्डिन तशीच टाकून त्यांच्या मागे गेले.

किनाऱ्यावर फाउस्तीनो फोटोवाला तीन पायांची पेटी मांडून बसला होता. ऊन होतं, पण समुद्रावरून धुक्याचा एक पट्टा हळूहळू सरकत येत होता. आमची शेजारीण पेर्पेतुआकाकू जाळीवर मासे वाळत घालत होती. तिनं मान वर केली, आणि तिच्या हातातली टोपली खाली पडली.

"आल्झीरा! अगं, तो सदरा... काय केलंस हे, बये?"

आई हाताची घडी घालून पाण्याकडे बघत उभी होती.

लिओनेल घोटाभर पाण्यात उभा राहिला. पाठ समुद्राकडे. हसत होता.

"मास्तर, बाहेर या!" मी ओरडले.

"एक मिनिट, पोरी! एवढा फोटो होऊ दे."

फाउस्तीनोनं डोकं काळ्या कापडात घातलं. "आता हलू नका हं..."

आणि समुद्राचा आवाज थांबला.

कमी झाला नाही... थांबला. आमचा समुद्र कधी गप्प बसत नाही. झोपेतही तो कानात असतो. त्या क्षणी तो नव्हता. सगळा किनारा बोलायचा थांबला.

मग धुक्यातून शीळ आली.

एकच. लांब. शेवटी चढणारी...

बेल्मीरो होडी ओढताना तशी शीळ घालायचा.

लिओनेलनं मान वळवली. कोणी हाक मारल्यावर आपण वळवतो तशी. त्यानं पाण्यात एक पाऊल टाकलं. धुकं त्याच्यावरून गेलं, आणि समुद्राचा आवाज परत आला.

पाण्यात कोणी नव्हतं.

लाट आली नव्हती. हे मी आजही सांगते. पाणी घोट्याएवढंच होतं.

फाउस्तीनो कापडाखालून बाहेर आला. "अहो मास्तर, हलू नका म्हटलं ना..." त्यानं तो फोटो कधी धुतला नाही. पेटी तिथेच टाकून घरी गेला.

गावातल्या सगळ्या होड्या पाण्यात उतरल्या. जत्रेचे ढोल बंद झाले. ओतीलिया आवाज बसेपर्यंत त्याला हाका मारत राहिली. आईनं तिच्या खांद्यांवर शाल टाकली. मला आईचा हात झिडकारावासा वाटला.

काही दिवसांनी कड्यापलीकडच्या वाळूवर एक प्रेत लागलं. समुद्रानं चेहरा ठेवला नव्हता. अंगात चौकड्यांचा सदरा.

आमच्याकडे बुडालेला माणूस कपड्यावरून ओळखतात. प्रत्येक घराचं कापड वेगळं, शिवण वेगळी.

"माझा लिओनेल!" ओतीलिया वाळूत कोसळली.

"माझा बेल्मीरो," आई म्हणाली.

बंदराचा अधिकारी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. डॉक्टर आला. त्यानं तपासलं, पुन्हा तपासलं, आणि कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "हे प्रेत आत्ताचं नाही. दोनेक वर्षं तरी पाण्यात असावं..."

"त्याच कापडाचे दोन सदरे होते," आई म्हणाली. "एक अंगावर घालून तो गेला. इदालीनाला विचारा, तिनंच शिवलेत."

ते खरं होतं. मी मान हलवली.

आईनं दार लावून प्रेताला एकटीनं अंघोळ घातली. मला आत येऊ दिलं नाही. बाहेर आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. "माझाच आहे," एवढंच म्हणाली. त्या दिवशी घंटा वाजली. आई नखशिखांत काळ्यात.

आणि ओतीलिया? तिचे डोळे एकदम चमकले. तिनं माझे हात घट्ट धरले. "म्हणजे माझा बुडाला नाही! तो जिवंत आहे, हो ना गं?"

ती रोज किनाऱ्यावर उभी राहायची. उन्हाळ्याचे पाहुणे गेले, थंडी पडली, तरी ती उभीच. शेवटी तिचे वडील येऊन तिला घेऊन गेले. पुढे ते सगळे फ्रान्सला गेले, असं कळलं. पत्ता कुणालाच माहीत नव्हता.

त्यानंतरचं पहिलं दाट धुकं...

संध्याकाळ होती. आई आणि मी जेवायला बसलो होतो. गल्लीत पावलं वाजली. ओली, जड. आमच्या दारापाशी थांबली.

आई उठली. तिचा चेहरा कधी नव्हे एवढा उजळला. "आला," ती पुटपुटली. "भेटायला आला गं माझा पोर."

तिनं कडीला हात लावला, आणि बाहेरून आवाज आला.

"ओतीलिया..."

मऊ, डोंगराकडच्या हेलाचा आवाज.

"ओतीलिया, आत आहेस का?"

आईचा हात कडीवरच राहिला. मी तिला गदगदा हलवलं. "आई, आपण कुणाला पुरलं? खरं सांग!"

ती दाराला पाठ टेकून खाली बसली.

"तळवे मऊ होते," ती म्हणाली. "वाळूत अनवाणी वाढलेले पाय नव्हते ते. डॉक्टर काहीही म्हणाला, तरी मला कळलं होतं, पोरी. पण मला कबर हवी होती."

"आणि तिला नको होती?"

आई ढसाढसा रडली. तिला रडताना मी तेव्हाच पाहिलं. मला तिची कीव आली, आणि चीडही आली. दोन्ही अजून गेलेलं नाही.

मी पाद्रीबाबांकडे गेले. त्यांनी फ्रान्सला पत्रं पाठवली. एकाचंही उत्तर आलं नाही.

तो मात्र येत राहिला. दर दाट धुक्याला. दार कधी ढकललं नाही, कधी रागावला नाही. फक्त विचारायचा. आणि आई आतून म्हणायची, "ती इथे नाही रे बाळा." मग पावलं परत जायची. आईनं मरेपर्यंत वाट पाहिली, की धुक्यातून एकदा तरी कोणी तिला 'आई' म्हणेल. कोणी म्हटलं नाही.

आता आईलाही जाऊन खूप वर्षं झाली. उत्तर मी देते.

गेल्या आठवड्यात धुकं होतं. तो आला. आवाज तसाच, तरुण. मी म्हटलं, "नाही रे, ती इथे नाही." पावलं गेली. मी अंथरुणावर पडले, पण डोळा लागेना.

मला वाटायचं, ओतीलिया एव्हाना म्हातारी होऊन मेली असेल, आणि मेलेल्यांच्या जगात त्याला भेटली असेल.

पण भेटली असती, तर तो अजून मला कशाला विचारेल?

म्हणजे ती आहे. कुठेतरी आहे. आणि आपला नवरा बुडाला नाही, असं आमच्या शब्दावर अजून धरून बसली आहे.