बोटातलं लोहचुंबक

"लाइट गेलीच आहे, तेवढ्यात बोर्ड उघडून बघतो," म्हणत नीलेश स्टुलावर चढला. बोईसरमधलं मोटार वाइंडिंगचं दुकान, रात्रीची वेळ, मेणबत्ती कुणालाच सापडत नव्हती.

"उतर खाली," अंधारातून विश्रामकाका म्हणाले. दुकान त्यांचंच. "आधी मेन स्विच पाड."

"काका, लाइटच नाही तर पाडायचं काय?" नीलेश म्हणाला, आणि बाकीची पोरं हसली. काकांनी तंबाखू मळायला घेतली आणि सांगायला लागले.

हसा, हसा. मासवणचा जितेश याच दुकानात कॉइल भरायचा. कुठली तार किती जाडीची, हे नुसतं बोट फिरवून सांगायचा. त्याचा थोरला भाऊ प्रदीप गावी नदीकाठची जमीन बघायचा. पावसाचा भात निघाला की वीतभर तुकड्यात मिरची लावायची, तिला पंपाचं पाणी. असाच हिवाळा होता. पंपाची वायर जळाली म्हणून प्रदीपने जितेशला फोन केला. "लाइट गेलीय. हात घालू का? डीपीचा फ्यूज काडायला एवढं लांब कोण जाईल?" जितेश कामात होता. म्हणाला, "घाल. लाइट दुपारपर्यंत नाय येत आता."

लाइट आली.

एवढीच चूक, बाबांनो. लाइट गेली म्हणजे वायर मेली, असं आपण सगळेच धरून चालतो. दुसऱ्या दिवशी प्रदीपला त्यांच्या रीतीप्रमाणे शेतामागे नदीकाठी पुरलं. आईने, नवसीने, त्याची निळ्या मुठीची पक्कड त्याच्या हाताशी ठेवली. त्या फोनबद्दल तिने जितेशला कधी विचारलं नाही. जितेश रडला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. डबा समोर ठेवला तर जेवायचा, नाही ठेवला तर नाही. एकदा कढत वार्निश हातावर सांडलं तर हात बाजूला घ्यायच्या ऐवजी माझ्याकडे बघत बसला. खरं सांगतो, मला त्या पोराची भीती वाटायला लागली.

मग पुढच्या दिवाळीत त्याने हे नवीन खूळ काढलं. बाजारात दर्पण म्हणून टॅटू काढणारा होता, त्याने स्वतःच्या बोटात लोहचुंबक घालून घेतलं होतं. चालू वायरीजवळ बोट नेलं की आत गुणगुणतं, म्हणे. जितेशला तेच हवं होतं, पुन्हा कधी चूक व्हायला नको म्हणून. मी शिव्या घातल्या. देवाने दिलेलं धडधाकट बोट चिरतोस कशाला? तर म्हणाला, "काका, नाय तरी त्याला काय लागत नाय."

दर्पणने बर्फ लावून अनामिकेचं पेर चिरलं, तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा आत सारला आणि टाके घातले. बोट वांग्यासारखं सुजलं, नख काळंनिळं झालं. कितीतरी दिवस त्याला साधा स्क्रूड्रायव्हर धरता येईना, डाव्या हाताने दुकान झाडायचा. हळूहळू सूज उतरली, टाके निघाले, चामडी धरली. बोटाला स्क्रू चिकटायचा, पोरांना मोठी गंमत. पण गुणगुण काही येईना. चालू मोटारीवर ठेवलं तरी बोट गप्प. उलट जे बधिर झालं ते झालंच, तारसुद्धा ओळखेना. दर्पण म्हणाला, "जखम भरलीय. आता नस जागी होईल तेव्हा होईल."

मार्गशीर्षातली अमावास्या होती. शेतीची लाइट तेव्हा रात्रीची असायची. नवसीचा फोन आला. "मिरची वाळत चाललीय. पंप नुसता घरघरतो. मीच जाऊन बघते काय ते." जितेश ताटावरून उठला आणि मोटारसायकल काढली. पालघर मागे टाकून मासवणला पोचला तर गावभर काळोख. पंपावरचा बल्बही विझलेला. नवसी बांधावर बॅटरी घेऊन बसली होती.

"आताच गेली लाइट," ती म्हणाली. "डीपीवर जातोस का?"

"कशाला? गेलेलीच हाय."

बोलला आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं. पण आत काही हललं नाही. झालं तर झालं, असं वाटलं, एवढंच.

स्टार्टरची पेटी उघडली. प्लास्टिकची, नवी. बोट वायरीजवळ नेलं. काही नाही. कसं असेल? लाइटच नव्हती. त्याने हात आत घातला...

आणि बोट दुखलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

ओढ होती ती. लोखंडाकडे लोहचुंबक ओढलं जातं, तशी. पण पुढे तर नुसतं प्लास्टिक. ओढ मागून होती. मागे नदी.

"आये... तू मागं हायस का?"

"मी इथंच. बांधावर."

आवाज समोरून आला. लांबून.

बोट मागे गेलं. मग हात. मग तो स्वतः. एक पाऊल... आणखी एक. चिमटीत धरून कुणी न्यावं, तसा. जोर नव्हता. सोडत मात्र नव्हतं.

"दादा...?"

पाणीसुद्धा वाजत नव्हतं.

बल्ब पेटला.

उघड्या पेटीत ठिणगी उडाली. पंप घरघरला. बोट सुटलं.

मागे कुणी नव्हतं. जितेश तिथेच मातीत बसला आणि रडला. वर्षभराचं साठलेलं सगळं, लहान पोरासारखा. नवसी धावत आली. तिने त्याचा हात उलटसुलट केला, बॅटरी मारली. अनामिकेच्या पेरावर, दोन्ही बाजूंनी, बारीक बारीक आडव्या तांबड्या रेघा. रक्त नव्हे. गंज. आतल्या लोहचुंबकाने धरून ठेवलेला.

नवसीने पदर बोटाभोवती दाबून ते पुसलं.

"तिथली माती वली हाय," ती म्हणाली. "पक्कड गंजली त्याची."

काका थांबले. नीलेश मुकाट्याने स्टुलावरून उतरला, चाचपडत भिंतीपाशी गेला. मेन स्विच पाडल्याचा खटका वाजला.

"तो पदर मी पाहिलाय," काका म्हणाले. "कितीदा धुतला तिने. डाग तसाच आहे. पकडीचे दात मोजता येतात."