पाच ते सात घरीच

गुरुवारी सकाळी अकराला इटलीतल्या ब्रेशियाच्या इस्पितळात फाउस्तोला सांगण्यात आलं, त्याची बायको ओर्नेला गेली.

हे खरं घडलेलं आहे. ती वेळ मृत्यूच्या दाखल्यावर आहे. कुणीही पाहावी.

ती लुमेझानेच्या नळांच्या कारखान्यात पॉलिशचं काम करायची. दहा दिवस आजारी रजेवर होती. रजेवरच्या माणसाने संध्याकाळी पाच ते सात घरीच राहायचं. तपासणीचा डॉक्टर कधीही घंटा वाजवतो.

बुधवारी साडेपाचला तिला श्वास घेता येईना.

"चल, गाडी काढतो," फाउस्तो म्हणाला.

"सात वाजू देत. आपण निघालो आणि तो आला तर? झुबानीला मला काढायला निमित्तच हवंय."

झुबानी तिचा सुपरवायझर.

"खड्ड्यात गेला तुझा झुबानी!"

"तुझं काय जातं बोलायला? त्याच्या हाताखाली मी आहे."

दोघं सातपर्यंत बसून राहिली.

घंटा वाजलीच नाही. मग त्याने तिला इस्पितळात नेलं.

गुरुवारी रात्री आठला फाउस्तो एकटा घरी परतला. दाराला कुलूप तसंच होतं.

आत टेबलावर एक कागद होता...

'गुरुवार, संध्याकाळी पाच वीस. रुग्ण घरी हजर. सोमवारपासून कामास योग्य.'

खाली सही...

ओर्नेलाची.

त्याने कागदावरच्या नंबरावर फोन लावला.

"दार बाईंनीच उघडलं की," डॉक्टर म्हणाला. "अनवाणी होत्या. हात बर्फासारखे. ताप अजिबात नाही. मग मी काय लिहू?"

"काही बोलली?"

"नुसती घाई. म्हणाल्या, लवकर आटपा... नवरा खाली गाडीत थांबलाय."

सोमवारी झुबानीचा फोन आला.

"काय, बाईसाहेबांची झोप झाली नाही वाटतं? डॉक्टरने धडधाकट लिहून दिलंय!"

"शनिवारी मी तिला माती देऊन आलो."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"मग मृत्यूचा दाखला आणून द्या. ऑफिस संध्याकाळी पाच ते सहा उघडं असतं. तोवर आमच्याकडे ती गैरहजर."

तेव्हापासून रोज पाचला आतला पलंग करकरतो...

अनवाणी पावलं दारापर्यंत येतात.

थांबतात.

परत जाताना ती कधी ऐकू आलेली नाहीत.

त्या दोन तासांत फाउस्तो घर सोडत नाही. पुन्हा तिला एकटीला दार उघडायला लागू नये.

दाखला अजून दिलेला नाही.