अकरा ठिपक्यांचं चित्र

मुलुंडच्या त्या उडुपी हॉटेलात दुपारी जागा नव्हती, म्हणून श्रुतिका एका अनोळखी माणसासमोर बसली. कानाला फोन होताच.

"हो राजेश सर, बाकी सगळ्यांचे होकार आलेत. तो एक प्रबुद्ध साळवे सोडून. एका शब्दात उत्तर – 'नको'. खडूस असणार कोणीतरी."

समोरच्याने डोशाचा घास ताटात ठेवला.

"खडूस नाही... घाईत होतो."

श्रुतिकाने फोन बंद केला.

विक्रोळीच्या एका कंपनीत ती शोधनिबंधांतल्या गणिती सिद्धता गोळा करायचं काम करायची. प्रत्येक निबंधातून प्रमेय आणि त्याची सिद्धता वेगळी काढून साठवायची, पुढे त्यावरून संगणकाला शिकवायचं. लेखकांची परवानगी मागायचं कामही तिच्याकडेच होतं. प्रबुद्ध मुलुंडच्याच एका कॉलेजात शिकवायचा. त्याच्या नावावर एकच निबंध होता.

"आता सावकाश सांगा. का नको?"

"चूक आहे त्यात. छापून आल्यावर कळली."

"जिथे 'हे उघड आहे' लिहिलंय, तिथे?"

त्याने पहिल्यांदा नीट तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही वाचलात?"

"वाचला. मला तर काहीच उघड वाटलं नाही. म्हटलं, आपलंच डोकं चालत नाहीये."

तो हसला – आधी खाली बघून, मग तिच्याकडे. ते तिला आवडलं. तिने इडली-सांबार मागवलं.

"दुरुस्त होईल," तो म्हणाला. "तोवर संगणकाने चुकीचं शिकू नये, इतकंच."

"एकटेच करताय?"

"आत्तापर्यंत..."

मग दर शनिवारी त्याच हॉटेलात ते बसू लागले. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कुणाच्याच लक्षात आलं नाही. विचार करताना तो चष्मा काढायचा आणि पाण्यासाठी टेबलावर चाचपडायचा. ती ग्लास हळूच त्याच्या हाताखाली सरकवायची. बोटं लागायची. दोघंही आकडेमोडीकडे बघत राहायचे.

पावसाळा गेला. सिद्धतेतली ती चुकलेली पायरी काही सुटली नाही.

एका मंगळवारी ऑफिसात श्रुतिकाने कागदावर अकरा ठिपके काढले, रेघांनी जोडले, आणि थांबली. ठिपके-रेघांच्या अशा प्रत्येक चित्रासाठी मांडलेलं त्याचं प्रमेय या चित्रात खरं ठरत नव्हतं. दुरुस्तीचा प्रश्नच उरला नव्हता. प्रमेयच खोटं होतं. त्याचा एकुलता एक निबंध गेला... आणि शनिवारही. कागद फाडावा असं तिला वाटलं. तिने फाडला नाही.

शनिवारी तिने तो त्याच्यासमोर ठेवला. त्याने एकेक ठिपका बोटाने मोजला.

"माझ्याकडे तेरा ठिपक्यांचं होतं," तो म्हणाला. "तुझं जास्त सुबक आहे."

"म्हणजे? तुला माहीत होतं?"

"गणपतीपासून."

"आणि मी इथे डोकं फोडतेय! सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर... तू कशाला आली असतीस?"

त्याचं म्हणणं तिला कळलं. रागही आला. दोन्ही एकदमच. ती पर्स उचलून निघून गेली आणि पुढचा शनिवार तिने घरी झोपून काढला.

नंतर एक मेल आला. प्रबुद्धने नियतकालिकाला निबंध मागे घेत असल्याचं कळवलं होतं, आणि सोबत ते चित्र जोडलं होतं – अकरा ठिपक्यांचं, श्रुतिकाच्या नावाने. त्याची प्रत तिला होती. तिने त्याच्या निबंधापुढे 'वगळला' अशी नोंद केली आणि फोन लावला.

"माझं नाव कशाला घातलंस रे?"

"तू शोधलंस."

"तू आधी शोधलं होतंस."

"मी लपवलं. तू आणून दाखवलंस."

ती म्हणाली, "मी आले असते. गणित नसतं तरी."

पलीकडे हलकंसं हसू. तो खाली बघत असणार, तिला वाटलं.

"मग... या शनिवारी?"

"शनिवारपर्यंत कशाला थांबायचं?" श्रुतिका म्हणाली. "आज सहाला सुटते मी. विक्रोळीला ये."