धुरपताबाईचा हात

हसायचं ते आत्ताच हसून घ्या पोरांनो, मग मधे बोलायचं नाही. फोटोग्राफर सिद्धोधन माझ्या चांगल्या ओळखीचा. थापा मारणारा माणूस नव्हे तो.

गेल्या वर्षीची अठ्ठावीस ऑक्टोबर, मंगळवारची रात्र. पुराचे फोटो टांगायला तो परभणीतल्या एका हॉलमध्ये एकटाच थांबला होता. चुडाव्याकडच्या बुडालेल्या गावाचे हाल शहरानं बघावेत, मदत मिळावी, म्हणून पदरमोड करून त्यानं हे प्रदर्शन मांडलं होतं.

सगळ्यात मोठा फोटो एका हाताचा. गढूळ पाण्यातून वर आलेला, हिरव्या बांगड्यांचा, रिकामा हात. खाली चिठ्ठी लावलेली: 'अनोळखी स्त्री'.

अनोळखी कसली? ती धुरपताबाई. पुरात अडकला तेव्हा दोन दिवस तो तिच्याच घरी जेवला होता. पाणी वाढलं, ती वाहत आली. हा भिंतीवर उभा, गळ्यात कॅमेऱ्याचा लांब पिवळा पट्टा.

"लेकरा, त्यो पट्टा टाक," ती म्हणाली.

त्यानं आधी फोटो घेतला. मग अजून एक. गळ्यातला पट्टा काढेपर्यंत हात पाण्याखाली गेला होता.

तिचा मुलगा आश्रुबा महिनाभर मायला शोधत होता, आणि सकाळी तोच प्रदर्शन बघायला येणार होता. नाव लिहिलं तर तो विचारणार, फोटो काढणारा तिथं करत काय होता? सिद्धोधनला लाज वाटत होती, आणि भीती त्याहून जास्त.

कॅमेरा त्याच पिवळ्या पट्ट्यानं खुर्चीला टांगलेला होता. एक वाजून दहा मिनिटांनी लाइट गेली.

टप... टप...

पाणी फोटोतून गळत होतं. त्यानं टॉर्च लावला. फोटोची काच फुटली. तुकडे तोंडात घुसले. गार बोटांनी मनगट धरलं... पिळलं. हाड मोडल्याचा आवाज त्याला ऐकू आला. डोकं भिंतीवर आपटलं. एकदा. दोनदा. जिभेवर रक्त आणि गाळ.

"माय... सोड."

पकड आवळली.

"धुरपतामाय..."

...

बोटं सुटली.

सकाळी आश्रुबा आला तेव्हा सिद्धोधन रक्तानं माखून भिंतीला टेकला होता. त्यानं काहीच लपवलं नाही. आश्रुबानं सगळं ऐकून घेतलं. हात उगारला नाही, शिवी दिली नाही. फोटोपुढं जाऊन तो मायचा हात निरखू लागला.

"मायच्या मुठीत हे पिवळं काय हाय?"

सिद्धोधननं कॅमेऱ्याकडं पाहिलं. त्याला पट्टा नव्हता.