चबुतऱ्याची खालची पायरी

विषय: नगरपालिकेच्या बागेतील चबुतऱ्याची खालची पायरी काढून मिळणेबाबत.

सातपुड्याच्या पायथ्याच्या आमच्या गावात १९३६ साली बाग झाली, तेव्हा मी पालिकेत कारकून होतो. बाग म्हणजे चार कण्हेरी, एक कोरडं कारंजं आणि मधोमध बँडसाठी आठ खांबांचा चबुतरा. गावात बँड नव्हता, पण साहेबाच्या बागेत चबुतरा असतो म्हणून आमच्याही हवा. पायऱ्यांना दगड कमी पडला. अध्यक्ष बन्सीलालशेठांनी भिलांच्या पाड्याबाहेरचा, मेलेल्याच्या नावाने उभा केलेला एक दगड उचलून आणवला. त्यावर घोडेस्वार कोरलेला होता. ती बाजू खाली करून बसवली आणि शेठांच्या मते प्रश्न मिटला.

पाड्यावरची विधवा रूपलीबाई अर्ज घेऊन आली. "शेठ, तो मन्हा धनीना दगड शे. नवं धान वनं का पहिला घास त्याले. आते कोठे देऊ?"

शेठ रोज संध्याकाळी त्याच पायरीवर बसत. हसून म्हणाले, "मी बठस ना त्यानाजोडे. तुन्हा धनीले सोबत झाई!"

"बठा, शेठ," एवढंच म्हणून ती गेली.

तेव्हापासून शेठ दोन्ही वेळा पोटभर जेवूनही उपाशी राहू लागले. गालांची हाडं वर आली. एकदा दिवेलागणीला मी सही घ्यायला बागेत गेलो. मोहाच्या दारूचा आंबूस वास सुटला होता. कारंज्यामागे काहीतरी फुरफुरलं. शेठ पायरीवर वाकून बसले होते, उजवी मूठ आवळलेली.

"मले उठता येत नही रे... हात सुटत नही..."

मी ओढलं. अंधारात टापा वाजल्या... आणि शेठ माझ्या अंगावर कोसळले. मूठ चितेवरही उघडली नाही.

पुढे त्यांच्या पत्नी सुंदरबाईंना त्या पायरीखालून शेठांची हाक ऐकू येऊ लागली. त्यांनी अर्ज केला: दगड सन्मानाने परत करावा. मी रूपलीबाईला बोलावलं. तिने पायरीला कान लावला. बराच वेळ ऐकलं.

"ऱ्हाऊ द्या तठेच," ती म्हणाली. "मन्हा धनीले घोडा धरनारा भेटी गया."

तिने आपला अर्ज मागे घेतला. तिच्या संमतीशिवाय दगडाला पहार लावायला गावात मजूर मिळत नाही.

सुंदरबाई रोज पायरीवर भाकरीचं ताट ठेवतात. सकाळी भाकरी नसते. ताटात चावलेला कडबा असतो.

मी निवृत्त झालो. सुंदरबाईंचा अर्ज प्रलंबित आहे.